पावलाची दुखापत आणि मोडलेली हाडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा शहरात आणि आसपासच्या गावांत फिजिओथेरपीचे काम करताना पावलाच्या दुखण्याबद्दल तेच ते प्रश्न रोज कानावर येतात. कोणी अजिंक्यताऱ्याच्या पायवाटेवरून उतरताना घसरलेले असते, कोणाच्या पायावर बैलाने खूर ठेवलेला असतो, कोणी उसाच्या ट्रॉलीवरून उडी मारलेली असते, तर कोणी घरातल्याच उंबऱ्याला ठेचकाळलेले असते. त्या प्रश्नांची उत्तरे येथे लिहिली आहेत. बोलताना आपण कमरेखालच्या सगळ्यालाच पाय म्हणतो; येथे पाऊल म्हणजे घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचा भाग असे समजावे. हे वाचून तपासणी मात्र टाळू नये.

मला चालता येते आहे. म्हणजे हाड मोडलेले नाही ना?

असे म्हणता येत नाही, आणि याच समजुतीने सर्वांत जास्त नुकसान होते. एका पावलात २६ हाडे असतात आणि शरीराचा भार त्यांच्यात वाटला जातो. त्यामुळे एखाद्या हाडाला चीर गेली तरी उरलेली हाडे काही दिवस काम रेटून नेतात. मी स्वतः या व्यवसायात असूनही करंगळीमागचे हाड मोडलेले असताना चार दिवस ‘मुरगळले असेल’ म्हणत दवाखान्याचे जिने चढत-उतरत होतो. पाचव्या दिवशी चपलेचा पट्टा बसेना, तेव्हा एक्स-रे काढला.

एक्स-रे काढावा की नाही हे ठरवण्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक साधी पद्धत मांडली आणि ती आज जगभर वापरली जाते. पावलाच्या बाहेरच्या कडेने करंगळीकडून मागे बोट फिरवत आले की साधारण मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो; तेथे दाबल्यावर कळ येत असेल, किंवा आतल्या बाजूला घोट्याच्या थोडे पुढे व खाली असलेल्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला, टोकापासून वर सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर दुखत असेल तरीही तो काढावा. आणि दुखापत झाल्याबरोबर तसेच तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता आली नाहीत, तर इतर काही न पाहता एक्स-रे काढावा. लंगडत टाकलेली पावलेही येथे मोजली जातात. लहान मुले, नशेत असलेली व्यक्ती आणि मधुमेहामुळे पाय बधिर झालेले रुग्ण यांच्या बाबतीत या पद्धतीवर विसंबू नये, कारण दाबल्यावर दुखते की नाही हे त्यांना नीट सांगता येत नाही.

दुखापत झाल्याबरोबर घरी काय करावे?

आधी जोडवी आणि पैंजण काढावेत. हे वाचून अनेकांना नवल वाटते, परंतु तासाभरात बोट सुजते, जोडवे रुतून बसते आणि मग ते कापावे लागते. सौभाग्यलेणे कापायचे या कल्पनेने घरातल्या बायका अस्वस्थ होतात आणि त्या चर्चेत आणखी एक तास जातो. जोडवे निघत नसेल तर साबणाचे पाणी किंवा तेल लावून, पाय उंच धरून, हलकेच फिरवत काढून पाहावे. बोट निळे पडू लागले तर मात्र मन घट्ट करून कापून घ्यावे.

त्यानंतर पाय उशांवर ठेवून छातीच्या पातळीपेक्षा वर राहील असे निजावे. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवावा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा ठेवावा. तो थेट कातडीला लावू नये. क्रेप बँडेज बोटांकडून वर घोट्याकडे बांधत जावे, आणि बोटे गार किंवा बधिर वाटू लागली तर लगेच सैल करावे. दुखण्यासाठी सुरुवातीला पॅरासिटामॉल पुरते. आम्लपित्त, अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा दमा असलेल्यांनी इतर वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पाऊल वाकडे दिसत असेल तर काही खाऊ-पिऊ घालण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. गावाकडे शुद्धीवर असलेल्या माणसालाही आधी चहा पाजण्याची रीत आहे. तो चहा नंतर प्यावा.

पाय चोळून घेतला किंवा लेप लावला तर चालेल का?

चोळू नये. मुरगळलेल्या पावलात अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे पट्टे, ताणलेले किंवा तुटलेले असतात आणि आत रक्त साकळत असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळल्याने ते वाढते, आणि हाडाला साधी चीर असेल तर ओढाताणीत तुकडे सरकू शकतात. ज्याला घरी स्थिर ठेवून बरे वाटले असते, त्याला मग शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागते.

आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप अखंड कातडीवर लावला तर सहसा अपाय होत नाही, पण त्याखाली कातडी काळीनिळी पडली आहे, फोड आले आहेत की सूज वाढते आहे, हे दिसेनासे होते. तपासणीआधी तो धुवावा लागतो आणि दुखऱ्या पावलावरून वाळलेला लेप खरवडताना रुग्णाला ब्रह्मांड आठवते. गरम लेपाने भाजल्याचेही मी पाहिले आहे. बांबूच्या काड्या लावून करकचून बांधणे सर्वांत धोक्याचे. सूज आतून वाढते, बांध बाहेरून सैल होत नाही आणि बोटांचा रक्तपुरवठा बंद पडतो. आमच्या भागात हाडवैद्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे आणि त्यामागे जवळीक, कमी खर्च आणि आपुलकीचे बोलणे अशी खरी कारणे आहेत. तेव्हा निदान एवढे तरी करावे की एक्स-रे आधी काढावा आणि बाकीचे सगळे नंतर ठरवावे.

एक क्षणही न थांबता रुग्णालयात कधी जावे?

जखमेतून हाड दिसत असेल किंवा मोडलेल्या जागेवर जखम असेल. पाऊल पांढरे, निळे किंवा गार पडले असेल. बोटांची जाणीव गेली असेल. सांधा उघडपणे वाकडा झाला असेल आणि त्यावरची कातडी ताणून फिकट पडली असेल. अथवा गोळी घेऊनही वेदना तासागणिक वाढत असेल आणि दुसऱ्याने बोट नुसते हलवले तरी किंचाळावेसे वाटत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शेवटचे लक्षण लोकांच्या ध्यानात येत नाही. चिरडलेल्या पावलात स्नायूंच्या कप्प्यांतील दाब इतका वाढतो की रक्त आत शिरत नाही, आणि काही तासांत तो दाब मोकळा केला नाही तर स्नायू कायमचे निकामी होतात. उघड्या जखमेवर हळद, चहापत्ती किंवा माती लावू नये. स्वच्छ कापडाने झाकावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाची चौकशी करावी.

एक्स-रे स्वच्छ आला, तरी दुखणे कमी होत नाही. असे का?

याची दोन कारणे नेहमी दिसतात आणि दोन्ही सहज निसटतात.

पहिले कारण म्हणजे ताणाने पडलेली चीर. येथे कोणताही एक मोठा मार लागलेला नसतो. तेच हाड हजारो वेळा वाकते आणि त्याची झीज भरून येण्याआधीच पुढचा ताण पडतो. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले, म्हणून तिला कुचाची मोड असेही म्हणतात. सैन्यात मुले पाठवण्याची परंपरा असलेल्या आमच्या जिल्ह्यात हे दुखणे भरतीच्या तयारीत दिसते. सहा महिने न पळालेला मुलगा जाहिरात आली की दुसऱ्या दिवसापासून डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, सकाळ-संध्याकाळ पळू लागतो; तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चवड्याच्या वरच्या बाजूला एका बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशी दुखरी जागा तयार होते. यवतेश्वरच्या घाटात चढ-उताराचा सराव करणाऱ्या मॅरेथॉनवाल्यांचे आणि आषाढीला लोणंद, तरडगाव, फलटण अशा मजला करत पंढरपूरला पोहोचलेल्या वारकऱ्यांचेही असेच होते. फरक इतकाच की वारकरी हे दुखणे अंगावर काढतात आणि आळंदीपासूनची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पुरी करूनच येतात. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. तेव्हा विश्रांती देऊन दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढावा, किंवा निदान लवकर हवे असेल तर एमआरआय करावा. घोट्यापुढच्या आतल्या नॅव्हिक्युलर हाडावर दुखत असेल तर थांबू नये. त्या हाडाच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी असतो आणि तेथील चीर भरून यायला फार वेळ घेते.

दुसरे कारण म्हणजे पावलाच्या मधल्या सांध्यांची दुखापत. तिला लिस्फ्रँक दुखापत म्हणतात; नाव नेपोलियनच्या काळातील फ्रेंच शल्यविशारद जाक लिस्फ्रँक यांच्यावरून आले आहे. दुचाकी आडवी होताना पाऊल अडकून पिळवटले किंवा चवडा खड्ड्यात रुतून टाच वर राहिली आणि अंगाचे वजन पुढे पडले, की हे अस्थिबंध तुटतात. निजून काढलेल्या एक्स-रेत हाडे जागच्या जागी दिसतात, उभे राहिल्यावर मात्र फाकतात. त्यामुळे दोन्ही पावलांवर उभे करून एक्स-रे काढून त्यांची तुलना करावी लागते. घरी पाहण्यासारखी एक खूण आहे: तळव्याच्या मध्यभागी काळानिळा डाग. पावलाच्या वरच्या बाजूचा डाग साध्या मारातही पडतो, पण तळव्यावर तो दिसला की हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्यावाचून राहू नये. ही दुखापत ध्यानात आली नाही तर पावलाची कमान बसते आणि काही वर्षांनी सांधे झिजतात.

प्लास्टर, चालण्याचा बूट की शस्त्रक्रिया, हे कशावरून ठरते?

कोणते हाड मोडले, तुकडे किती सरकले आणि सांध्याचा पृष्ठभाग बिघडला का, यावरून ठरते. वेदना किती आहे यावरून नाही.

करंगळी किंवा मधल्या बोटांचे हाड मोडले तर मध्ये कापूस ठेवून ते शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधणे बहुधा पुरते. अंगठ्याचे तसे नाही, कारण चालताना शेवटचा रेटा तोच देतो. चवड्याची लांब हाडे फारशी सरकली नसतील तर कडक तळाचा बूट किंवा प्लास्टर यावर भागते. करंगळीमागच्या हाडाबाबत मात्र दोन-अडीच सेंटिमीटरच्या अंतराने चित्र पालटते: अगदी टोकाचा तुकडा सुटला असेल तर बुटात चालत-चालत तो बरा होतो, पण त्याच्या जरा पुढे मोडले असेल तर तेथे रक्त कमी पोहोचते, हाड जुळायला कुरकुर करते आणि सहा ते आठ आठवडे वजन न टाकता राहावे लागते किंवा स्क्रू घालावा लागतो. या दुसऱ्या प्रकाराला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शल्यविशारदाने १९०२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्यात एक रुग्ण तो स्वतःच होता. नाचताना त्याचे पाऊल मोडले होते.

टाचेचे हाड बहुतेक उंचावरून पडल्याने फुटते. पावसाळ्याआधी पत्रे दुरुस्त करताना, आंबे उतरवताना, स्लॅबच्या कामावर किंवा विहिरीत उतरताना माणूस उभाच्या उभा टाचांवर आदळतो आणि तोच धक्का वर कण्यापर्यंत जातो. अशा दहांपैकी साधारण एका रुग्णाच्या मणक्यालाही मार असतो. टाच इतकी ठणकत असते की कंबर दुखते हे सांगायचे राहून जाते. म्हणून सोबत आलेल्या माणसाने ते आठवणीने सांगावे.

शस्त्रक्रिया करायची ठरली, पण डॉक्टरांनी दहा दिवस नुसते झोपवून ठेवले. वेळ काढत आहेत का?

नाही. पावलावर मांस कमी आणि कातडी पातळ असते. सुजून ताठ झालेल्या, फोड आलेल्या कातडीला चीर दिली तर टाके नीट बसत नाहीत, जखम उघडी पडते, आत जंतुसंसर्ग होतो आणि बसवलेली प्लेट काढण्याची वेळ येते. म्हणून टाचेच्या बाबतीत साधारण एक ते दोन आठवडे पाय उंच ठेवून सूज उतरण्याची वाट पाहतात. डॉक्टर रोज येऊन कातडीकडे पाहतात, त्यात एक खूण शोधत असतात: पाऊल वर-खाली केल्यावर कातडीला बारीक सुरकुत्या पडल्या की शस्त्रक्रियेला हरकत नाही असे समजतात. नातेवाइकांनी हे दिवस भांडणात न घालवता पायाखालच्या उशा सरकल्या नाहीत ना, इकडे लक्ष द्यावे. उघडी जखम, निखळलेला सांधा किंवा रक्तपुरवठा अडलेला असेल तर मात्र थांबत नाहीत, त्याच दिवशी शस्त्रक्रिया करतात.

हाड जुळायला किती दिवस लागतात?

बोटांना चार ते सहा आठवडे, चवड्याच्या हाडांना सहा ते आठ आठवडे, टाचेला वजन टाकण्याआधी आठ ते बारा आठवडे, आणि घोट्याखालच्या टॅलस या हाडाला त्याहूनही जास्त. कारण त्याचा रक्तपुरवठा तुटला तर हाडाचा काही भाग मरतो. हे आकडे हाडाचे आहेत, माणसाचे नाहीत. एक्स-रेत हाड जुळलेले दिसले तरी लवचिकता, ताकद आणि तोल परत यायला आणखी तितकाच काळ लागतो, आणि संध्याकाळची सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहते.

प्लास्टरची काळजी कशी घ्यावी?

पहिल्या दिवशी बहुधा अर्धे, म्हणजे कच्चे प्लास्टर घालतात आणि सूज उतरल्यावर पक्के. साधे पांढरे प्लास्टर पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात, तोवर ते कडक पृष्ठभागावर टेकवू नये, त्यात खळगा पडतो आणि तो आतून टोचत राहतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात घरातील फरशीही ओली असते, त्यामुळे न्हाणीघरात जाताना प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वरची कड चिकटपट्टीने बंद करावी आणि पाय स्टुलावर बाहेर ठेवावा. खाज सुटली म्हणून आत पट्टी, विणकामाची सुई किंवा उदबत्तीची काडी घालू नये. हे मी थट्टेने लिहीत नाही, या तिन्ही वस्तू प्लास्टर कापताना निघालेल्या आहेत. प्लास्टर घट्ट वाटणे, आत एकाच जागी जळजळणे, वास येणे, ही दुसऱ्या दिवशी दाखवण्याची कारणे नाहीत, त्याच दिवशी जावे. पोटरी दुखून ताठ झाली, किंवा अचानक दम लागून छातीत दुखू लागले, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

कुबड्या वापरताना काखा दुखतात. काय चुकते?

वजन काखेवर येते आहे, ते तळहातांवर यायला हवे. कुबडीचे वरचे टोक काखेच्या दोन-तीन बोटे खाली राहावे आणि मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे. काखेवर लोंबकळल्याने तेथील नस दबून मनगट लुळे पडू शकते. जिना चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी खाली न्यावा. कुबडीच्या टोकाचे रबर झिजले असेल तर ते बदलावे. ओल्या शहाबादी फरशीवर झिजलेले रबर हमखास घसरते.

हाड लवकर जुळावे म्हणून काय खावे?

पायाचे सूप प्यावे का, हा प्रश्न याच्या आतच दडलेला असतो. बोकडाच्या पायाच्या सुपात चव असते, ऊब असते, थोडे जिलेटिनही असते. कॅल्शियम मात्र समजतात तितके उतरत नाही. आवडत असेल तर प्यावे. त्यापेक्षा रोजचे दूध, दही, नाचणीची भाकरी, तीळ, डाळी, अंडी किंवा मासे यांचा उपयोग जास्त होतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते तपासून, सांगितलेल्या मात्रेतच घ्यावे. कांडवेल, म्हणजे हाडसांधी, ही वनस्पती अनेक घरांत दिली जाते. ती घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये आणि तिच्या भरवशावर प्लास्टर लवकर काढू नये.

खाण्यापेक्षा सोडण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. विडी-सिगारेटमुळे हाड उशिरा जुळते, कधी जुळतच नाही, आणि शस्त्रक्रियेची जखमही चिघळते. तंबाखू खाणारे ‘मी ओढत नाही’ असे सांगतात आणि मशेरी लावणाऱ्या आज्जींना तर ती तंबाखू वाटतच नाही. पण निकोटीन रक्तात जाते ते त्यांच्याही, आणि त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हाड जुळेपर्यंत तरी मशेरीचा डबा दुसऱ्याच्या ताब्यात द्यावा.

मला मधुमेह आहे. माझ्यासाठी वेगळे काही आहे का?

पुष्कळ आहे. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झालेल्या असतील तर हाड मोडूनही दुखत नाही आणि माणूस त्याच पावलावर चालत राहतो. एक पाऊल लाल, गरम आणि सुजलेले आहे, जखम कोठेही नाही, ताप नाही आणि दुखणेही बेताचेच आहे, असे झाले तर शार्को पावलाची शंका घ्यावी. यात हाडे आतल्या आत ठिसूळ होऊन मोडतात आणि कमान खाली येऊन तळवा होडीच्या तळासारखा फुगीर होतो. याला जंतुसंसर्ग समजून आठवडेच्या आठवडे गोळ्या दिल्या जातात, तेवढ्यात पाऊल बिघडून जाते. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पावलांचे तापमान रोज ताडून पाहावे. दोन अंश सेल्सिअसचा फरक हातालाही जाणवतो. उपाय एकच, पावलावरचे वजन पूर्ण काढणे, आणि तो काही महिने पाळावा लागतो. अनवाणी मंदिरात जाण्याचा नेमही या काळात मोडावा.

मुलाचा पाय दुचाकीच्या चाकात अडकला. एक्स-रेत हाड ठीक आहे, मग काळजी कशाची?

कातडीची. तारांमध्ये पाऊल पिळवटले की टाचेमागची कातडी आतून चिरडते. पहिल्या दिवशी नुसते खरचटल्यासारखे दिसते आणि तीन-चार दिवसांनी तो भाग काळा पडून मरतो. म्हणून अशा मुलाला आठवडाभर पुन्हा पुन्हा दाखवावे. शिवाय मुलांच्या हाडांच्या टोकांना वाढीचा कूर्चेचा थर असतो आणि त्याला लागलेला मार एक्स-रेत नेहमी उमटत नाही. त्या जागी दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे स्वच्छ असूनही काही दिवस आधाराची पट्टी बांधून ठेवतात.

प्लास्टर निघाले, पण पाय ओळखू येत नाही: बारीक, केसाळ, ताठ, आणि खाली सोडला की जांभळा पडतो.

हे सगळे अपेक्षित आहे. पाय वर घेतल्यावर जांभळा रंग जात असेल तर घाबरू नये. सुटलेली कातडी खरवडू नये, कोमट पाण्यात पाय बुडवून खोबरेल तेल लावावे. मात्र नुसत्या चादरीचा स्पर्शही सहन होत नसेल, आग होत असेल, कातडी चकचकीत दिसत असेल आणि एकाच पावलाला घाम येत असेल, तर लगेच दाखवावे. नसांशी संबंधित अशा वेदनेवर जितक्या लवकर उपचार सुरू होतील तितके बरे.

व्यायामाची सुरुवात आम्ही बाराखडीने करतो. पलंगावर पाय लांब करून अंगठ्याने हवेत क, का, कि, की गिरवायचे; वेलांट्या-उकारांमुळे घोटा आपोआप सर्व दिशांनी फिरतो, आणि अर्ध्या बाराखडीत दमलेला रुग्ण आठवड्याने ज्ञ पर्यंत पोहोचतो. मग जमिनीवर पंचा पसरून तो बोटांनी गोळा करणे, गोट्या उचलून वाटीत टाकणे, भिंतीला हात लावून पोटरी ताणणे, दोन्ही चवड्यांवर उठणे, आणि शेवटी एका पायावर तोल सांभाळणे. डॉक्टरांनी ‘थोडे वजन टाका’ म्हटले की थोडे म्हणजे किती, ते कोणालाच कळत नाही. त्यासाठी वजनकाटा जमिनीवर ठेवून तेवढ्याच उंचीच्या पाटावर चांगला पाय ठेवावा, दुखरा पाय काट्यावर टेकवावा आणि काटा १० किंवा १५ किलोवर येईपर्यंत दाबून पाहावे. दोन-चार दिवसांत तो दाब पायाच्या लक्षात राहतो.

मांडी घालून किंवा उकिडवे कधी बसता येईल? मोटारसायकल कधी चालवावी?

मांडी लवकर जमते. उकिडवे बसायला घोटा पूर्ण वाकावा लागतो आणि तीच हालचाल सर्वांत उशिरा परत येते. तोपर्यंत शौचालयावर ठेवण्याची खुर्ची भाड्याने आणावी, ओढूनताणून बसू नये. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाला आणि मागचा ब्रेक उजव्या पायाला, त्यामुळे कोणतेही पाऊल मोडले तरी सुटका नाही. स्कूटरला तसे नसले तरी थांबताना गाडीचे वजन पायावरच येते. प्लास्टर किंवा बूट असताना कोणतेच वाहन चालवू नये. न लंगडता चालता येऊ लागल्यावर आणि पाय जोराने आपटून ब्रेक दाबण्याची भीती उरली नाही, की मग डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.

शस्त्रक्रियेचा खर्च झेपणारा नाही. काही सोय आहे का?

साताऱ्यातील क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात दाखवता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडे शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन भरती होण्याआधीच चौकशी करावी.

प्लेट आणि स्क्रू नंतर काढावे लागतात का?

बहुतेकांना नाही. बाहेर टोक ठेवलेल्या तारा चार ते सहा आठवड्यांत काढतात. मधल्या सांध्यांतून घातलेले स्क्रू काही महिन्यांनी काढण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात, आणि बुटाला घासणारी प्लेट रुग्णाच्या सोयीने काढतात.

अजिंक्यतारा पुन्हा कधी चढता येईल?

हा प्रश्न विचारणारा रुग्ण बरा होत आला आहे असे मी समजतो. दुखऱ्या एका पायावर अर्धा मिनिट तोल सांभाळता आला, त्याच पायाच्या चवड्यावर सलग वीस-पंचवीस वेळा उठता आले आणि सपाट रस्त्यावर तासभर चालून दुसऱ्या दिवशी सूज वाढली नाही, तर चढायला हरकत नाही. चप्पल नको, कडक तळाचे आणि टाच धरून ठेवणारे बूट हवेत. चढण्यात दम लागतो, पण पावलाची परीक्षा उतरताना होते. मोकळ्या मुरमावर प्रत्येक पावलाला घोटा आवरून धरावा लागतो आणि थकलेला स्नायू नेमका तेथेच चुकतो. गडावर गाडीचा रस्ता जातो, त्याचा फायदा घ्यावा: पहिल्या तीन-चार खेपा पायी चढावे आणि खाली यायला कोणाला तरी गाडी घेऊन वर बोलवावे.